तलाव एक, खाती अनेक

केंद्र सरकारने २०१७ साली पाणथळ जागांच्या संवर्धनाचे नवे नियम काढले. पाणथळ जागा कशाला म्हणायचे हे त्यांत सांगितले आहे आणि कशाला म्हणायचे नाही हेही. नद्यांची पात्रे वगळली, भातखाचरे वगळली, पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळले आणि खास सिंचनासाठी उभारलेली बांधकामेही वगळली. हा नियम हातात घेऊन गोंदिया जिल्ह्याच्या नकाशापुढे बसावे. या जिल्ह्यात डोळ्यांत भरणारे जवळजवळ सगळे साचलेले पाणी माणसाने अडवलेले आहे, आणि ते धानाच्या ओलितासाठीच अडवलेले आहे. नवेगावबांधचा तलाव तीनशे वर्षांचा झाला, त्याच्या काठी राष्ट्रीय उद्यान उभे राहिले, हिवाळ्यात तिथे हजारो कोसांवरून पक्षी येतात; पण नियमाचा शब्द धरला तर तो सिंचनाचे बांधकाम ठरतो. सारस ज्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरात, घरटे करतो ती बांधीही व्याख्येबाहेर. तलावांचा जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या गोंदियात कायद्याला मान्य असलेली पाणथळ जागा हुडकावी लागेल.

व्याख्या करणाऱ्यांना दोष देऊन हे प्रकरण मिटत नाही. त्यामागे एक जुनी सरकारी सवय आहे. जलाशयाची नोंद एका कामासाठी, एका खात्याकडे करायची. बाकीच्या कामांना मग कागदावर जागाच उरत नाही. गोंदियाच्या जुन्या मामा तलावांपासून इटियाडोह धरणापर्यंत आणि ढिवर मच्छीमारांच्या जाळ्यापासून शहराच्या नळापर्यंत जी भांडणे आज चालू आहेत, ती बहुतेक सगळी या सवयीतून निघालेली आहेत.

आधी पाण्याचे गणित. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या मुलखात वर्षाला साधारण बारा-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण पीक धानाचे, आणि पाऊस चार महिन्यांतल्या थोड्या दिवसांत धो धो पडून जाणारा. रोवणीच्या वेळी आठ-दहा दिवस ताण पडला की पऱ्हे वाळतात. त्याहून वाईट म्हणजे हस्ताचा पाऊस चुकला की लोंबी भरत नाही. धान हिरवेगार उभे असते आणि दाणा पोचट निघतो. येथे तलाव बांधले गेले ते मुख्यतः या शेवटच्या एक-दोन पाण्यांसाठी. बारमाही बागायतीचे स्वप्न त्यात नव्हते. वरथेंबी शेतीला हातातोंडाशी आलेला घास मिळवून देणे, एवढाच हेतू होता. धरणांच्या काळात हा हेतू बदलला आणि त्याबरोबर पाण्याची मागणी बदलली, हे पुढे येईल.

हे तलाव कुणी बांधले? चांद्याच्या आणि गढामंडल्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला, तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क दिले, ही या भागातली जुनी मांडणी. तलाव बांधण्यात हातखंडा होता कोहळी समाजाचा. चांद्याचा राजा काशीयात्रेहून परतताना कोहळ्यांना घेऊन आला, असे सांगतात. इंग्रज अधिकाऱ्यांनीही ही कथा नोंदवून ठेवली. कथा खरी असो वा नसो, कोहळ्यांची नजर मात्र खरी होती. दोन टेकड्यांमधली नेमकी कोणती फट बुजवली की कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी अडेल, सलंग कुठे काढला की पुराचे पाणी पाळीला धक्का न लावता निघून जाईल, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात आणि त्याचा पुढच्या बोडीत कसा उतरवायचा, हे सगळे त्यांनी मोजपट्टीशिवाय साधले. वरचा तलाव फुटला तर खालचे कसे तगतील, याचाही विचार त्या साखळीत आहे.

नवेगावबांध हे या विद्येचे शिखर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, अशी परंपरा आहे. पाण्याचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. पाळ बांधताना या सातजणींनी हात लावला अशी लोकांची श्रद्धा आहे. कोलू पाटलाला लोकांनी पुढे देवपण दिले, तो कोलासूर झाला आणि टेकडीवर त्याचे ठाणे आले. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात संत देव झाले, वीर देव झाले. पण पाळ बांधली म्हणून एखादा पाटील देव झाल्याची उदाहरणे किती सापडतील? गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला तलाव म्हणजे काय वाटत होते, ते यावरून कळते.

तरीही त्या काळाला फार गोंजारू नये. मालगुजारीत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या व्यवस्थेत, तलाव मालगुजाराचा होता. रयतेचे पाण्यावरचे, माशांवरचे, गुरे पाजण्याचे हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावाच्या रिवाजांच्या नोंदीत, लिहिलेले असत, हे खरे. ओलिताचे पाणी फुकट मिळे, त्याबदल्यात उन्हाळ्यात गाळ उपसायला आणि पाळीवर माती टाकायला घरटी माणूस द्यावा लागे, हेही खरे. पण त्या श्रमांत स्वखुशी किती आणि वेठ किती, हा प्रश्न विचारावाच लागतो. पाळीला लागून पहिले पाणी पिणारी जमीन बहुधा पाटलाची आणि मालगुजाराची असे; ढिवराला आणि गोंड मजुराला जमीनच नसे. त्या व्यवस्थेची एक बाजू मात्र मान्य करावी लागते: तलावाचे काय बिघडले हे विचारायला एक दार होते. तलाव फुटला तर मालगुजाराचाही धान बुडत होता.

ते दार १९५१ साली बंद झाले. जुन्या मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. तलावांचे काय करायचे, याचा विचार मात्र कुणी फारसा केला नव्हता. नाव तेवढे पडले, ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि सरकारी कागदांतल्या या लांबलचक नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. पूर्व विदर्भात असे सुमारे ६,८०० तलाव मोजले जातात. त्यांतले हजाराहून अधिक एकट्या गोंदियात आहेत. महाराष्ट्रात आल्यावर त्यांची वाटणी झाली. शंभर हेक्टरपर्यंत ओलित असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे राज्याच्या खात्यांकडे. मासे मत्स्यव्यवसाय खात्याच्या नियमाने ठेक्यावर. काठची जमीन महसुलाची, पलीकडची वनखात्याची. पाणी घेणाऱ्याला पाणीपट्टी लागली आणि पाळीवर माती टाकणे सरकारचे काम झाले. फुकट पाण्याच्या मोबदल्यात श्रम देणारा गाव आता पैसे भरू लागला, किंवा भरेनासा झाला, आणि फावडे उचलायचे कारणच उरले नाही.

परिणाम पाहायला दूर जावे लागत नाही. गाळाने तळ उथळ झाले. पाणी ओसरल्यावर गाळपेरा करणाऱ्यांनी हळूहळू बांध घातले आणि तलावाच्या पोटात शेते झाली. मग तलाव पूर्ण भरू नये म्हणून रात्रीतून सलंग फोडण्याचे प्रकार सुरू झाले. तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याची दारे, गळू लागले. काठावर बेशरम माजली, तिच्या झुडपांत गाळ अडकून काठ आत सरकत गेला. कागदावरचे ओलित आणि प्रत्यक्षातले ओलित यांत अंतर पडत गेले. मामा तलावांच्या पुनरुज्जीवनाचे कार्यक्रम अधूनमधून जाहीर होतात. जलयुक्त शिवार आले, २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आले. काही तलावांत खरोखर पाणी वाढले, गाळ शेतात गेला आणि शेतकरी खूश झाला. पण यंत्राने गाळ काढताना घनमीटर मोजले जातात. ठेकेदार सगळा तळ एकसारखा खरवडतो. काठाचा उथळ उतार, जिथे पाणवनस्पती रुजतात, जिथे मासे अंडी घालतात, जिथे बगळे-पाणकोंबड्या चरतात, तो उतारच नाहीसा होतो. पाणी वाढते आणि तलाव मरतो, अशी विचित्र स्थिती येते.

हे सर्वांत आधी कुणाच्या लक्षात आले असेल तर ढिवरांच्या. गोंदिया-भंडाऱ्यात मासेमारी करणारा हा समाज तलावाच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहतो. जमीन नाही, असली तर तुकडा. जाळे, डोंगा, शिंगाड्याचे पीक आणि बाजारात मासे विकणाऱ्या बायका यांवर संसार. सहकारी मच्छीमार संस्थांच्या नावाने तलावांचे ठेके मिळाले, ही स्वातंत्र्यानंतरची मोठी कमाई म्हणावी लागेल. पण ठेक्याबरोबर मासाही बदलला. कतला, रोहू, मृगळ हे बाजारात चालणारे, लवकर वाढणारे मासे. ते साचलेल्या तलावात आपणहून वीण करत नाहीत. दरवर्षी मत्स्यबीज विकत आणायचे, सोडायचे आणि पावसाने दगा दिला तर पैसे पाण्यात घालवून बसायचे. मरळ, मागूर, वाम अशा गावठी माशांना बीज विकत आणावे लागत नव्हते. मृगाच्या पहिल्या पाण्याला ते सलंगावरून, पाटातून वर चढत, बांध्यांत शिरत, अंडी घालत आणि पिल्ले पाण्याबरोबर परत तलावात येत. आता बांध्यांत तणनाशक आहे, सलंगावर काँक्रीटची उभी भिंत आहे आणि तळ कोरलेला आहे. चढणीचा मासा चढणार कुठून?

या बाबतीत एका कामाची दखल घेतली पाहिजे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने बरीच वर्षे ढिवरांबरोबर काम करते आहे. तलावातला कोणता मासा कोणत्या वनस्पतीखाली राहतो, काय खातो, कुठे अंडी घालतो याची माहिती म्हाताऱ्या मच्छीमारांकडून गोळा करून तिच्या आधारे तलाव दुरुस्त करायचा, ही त्यांची रीत. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढली जाते, काठ नांगरला जातो, दुसऱ्या चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून लावल्या जातात. या कामात ढिवर बायकांचा वाटा मोठा आहे. पहिल्या एक-दोन वर्षांतच गावठी मासे परततात, पक्षी वाढतात आणि मच्छीमार संस्थेचे उत्पन्नही सुधारते, असा तिथला अनुभव आहे. यात यंत्र नाही, मोठा निधी नाही. म्हणूनच बहुधा सरकारी अंदाजपत्रकात हे काम बसत नाही.

कायदा ढिवरांच्या बाजूने अगदीच नाही असे नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या जलाशयांतले मासे आणि इतर उपज यांवर गावाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. जगपालसिंग खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावतळी आणि गावाच्या सामाईक जमिनी यांवरची अतिक्रमणे हटवण्याचा स्पष्ट आदेश सर्व राज्यांना दिला. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत मच्छीमाराला शेतकऱ्याप्रमाणे सवलत मिळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. पण तलावाचे पाणी किती ठेवायचे आणि किती सोडायचे, हे ठरवताना मच्छीमाराला शेतकऱ्याच्या बरोबरीने बसवले जाईल काय? दर्जाचा खरा अर्थ तिथे ठरायचा आहे.

आता धरणांकडे येऊ. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह आहे. १९७० च्या सुमारास पूर्ण झालेले हे मातीचे धरण सुमारे ३० मीटर उंच आणि ५०० मीटर लांब. लांबी एवढीशी, पण दोन डोंगरांच्या खिंडीत ते असे बसवले आहे की मागे पसरलेला जलाशय डोळ्यांत मावत नाही. कोलू पाटलाने नवेगावला जे केले तेच इथे अभियंत्यांनी मोठ्या मापावर केले. इटियाडोहचे पाणी अर्जुनी मोरगाव तालुक्याबरोबर भंडाऱ्याच्या लाखांदूरला आणि गडचिरोलीच्या देसाईगंज-आरमोरीकडे जाते. उत्तरेला बाघ प्रकल्प आहे: शिरपूर, पुजारीटोला आणि कालीसरार ही त्याची धरणे. त्यांच्या पाण्यात महाराष्ट्राबरोबर मध्यप्रदेशाचा, म्हणजे बालाघाट जिल्ह्याचा, वाटा आहे.

या धरणांनी काय दिले, ते नाकारण्यात अर्थ नाही. नहरीखालच्या गावांत खरिपाची हमी आली, शिवाय उन्हाळी धान आला. एकरी उत्पन्न वाढले, घरे पक्की झाली, मुले शिकली. राइस मिलच्या धुराड्यांमागे या पाण्याचा मोठा हात आहे. पण उन्हाळी धानाने पाण्याची भूक पार बदलून टाकली. जो तलाव हस्ताच्या एका पाण्यासाठी बांधला जात होता, त्याच्या जागी आता मार्च-एप्रिलच्या उन्हात आठवड्यामागून आठवडे खाचर भरून ठेवणारी शेती आली. कालवे सल्लागार समितीची बैठक दरवर्षी तापते ती यावरूनच. किती हेक्टरला पाणी द्यायचे, कोणत्या वितरिकेला आधी, टेलच्या गावापर्यंत पाणीपाळी पोचणार का. वरच्या गावांत पाट फोडून पाणी वाहते आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी नहरीच्या कोरड्या तळात उभा राहतो, हे चित्र इटियाडोहच्या लाभक्षेत्रात नवे नाही. राज्याने २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा करून पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. नाशिककडे वाघाडसारख्या धरणावर त्या संस्था नांदल्या. गोंदियात त्यांची पाटी आहे, पकड नाही. फुटक्या वितरिका त्यांच्या गळ्यात घालायच्या आणि पाण्याचा निर्णय मात्र वरून घ्यायचा, असे असेल तर ती पकड यावी कशी?

धरणाच्या वरच्या बाजूची गोष्ट कमी सांगितली जाते. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा. इटियाडोह त्याआधीच उभे राहिले होते. ज्यांची जमीन त्याच्या पाण्याखाली गेली, त्यांना त्या कायद्याची ऊब मिळाली नाही. जो मोबदला तेव्हा ठरला त्यावर भागवावे लागले. जवळच्या जंगलगावांना धरण समोर दिसते आणि पाणी चढावर असलेल्या शेताला मिळत नाही. इटियाडोहचे पाणी उचलून नवेगावबांध भागातल्या वरच्या गावांना देण्याची झाशीनगर उपसा सिंचन योजना त्यासाठीच आखली. जंगलाच्या परवानग्या, निधी आणि कामातली दिरंगाई यांत ती इतकी रखडली की योजना ऐकून म्हातारे झालेले शेतकरी त्या गावांत भेटतात.

इटियाडोहच्या आसमंताचे आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि त्यावर पुरेसे लिहिले गेलेले नाही. हा मुलूख विस्थापितांचा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे अर्जुनी मोरगाव तालुक्यात वसवली गेली. अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर ही त्यांची गावे. नदीकाठच्या देशातून आलेल्या या लोकांना मासे आणि धान दोन्ही परके नव्हते. गोठणगावजवळ १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत झाली. हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटर विकायला बसणारी तिबेटी माणसे उरलेल्या वर्षात इथे असतात, विदर्भाच्या उन्हात. शेजारी प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा भरते आणि त्याच डोंगरावर ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. गोंड, ढिवर, कोहळी, बंगाली, तिबेटी असे सगळे एका जलाशयाच्या अवतीभवती. इटियाडोहचा झिंगा नागपूर-कोलकात्यापर्यंत नावाजला तो या मिश्र शेजारामुळे, असे म्हटले तर फार चुकणार नाही. पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून पाणी पडू लागले की गर्दी लोटते. त्याच वेळी गाढवीकाठच्या खालच्या गावांत मात्र पुराची धास्ती असते.

पुरावरून आठवले. जिल्ह्याचे पाणी जिल्ह्याच्या हातात आहे, हाही एक भ्रम आहे. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला आलेल्या पुरात वरच्या शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराच्या विसर्गाचा मोठा भाग होता. उन्हाळ्यात उलटे. वैनगंगेच्या डांगोर्ली इथून गोंदिया शहराला पाणी मिळते, आणि नदी आटली की पुजारीटोल्याचे पाणी नहरीने सोडून शहराची तहान भागवण्याची पाळी येते. नहरीकाठचे शेतकरी तेव्हा आपल्या वाळत्या धानाजवळून शहराचे पाणी वाहताना पाहतात. पिण्याच्या पाण्याला पहिला मान, याबद्दल कुणाचा वाद नाही. पण ही दरवर्षीची तातडी न राहता ठरलेली तरतूद व्हायला हवी. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र वैनगंगेच्याच पाण्यावर चालते. त्याच्या पाण्याला बारा महिने खंड नसतो. टेलच्या शेतकऱ्याने ही तुलना केली तर त्याला गप्प करता येणार नाही.

पक्ष्यांची आणि पर्यटनाची बाजू लोकांना जास्त माहीत आहे. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झाले, २०१३ साली नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्प. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला होते आणि गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांच्या सोबतीने त्यांनी जे जंगल-पाणी पाहिले ते मराठी वाचकाच्या घरात पोचले. २०२५ मध्ये चितमपल्लींना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. नवेगावचे पर्यटन मात्र त्यांच्या लेखनाने दिलेल्या नावावर फार दिवस जगले. नवे काही उभे राहिले ते इमारती आणि बगीचे. सारसाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने उरला तो गोंदियात. ‘सेवा’ या संस्थेच्या आणि वनखात्याच्या गणनांत अलीकडे तो तीसच्या आगेमागे येतो. परसवाडा, झिलमिली अशा गावतलावांच्या आणि वैनगंगा-बाघ काठच्या बांध्यांच्या आधाराने तो जगतो. विजेच्या तारा, कीटकनाशके आणि तलावातली अतिक्रमणे त्याच्या मुळावर आली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. सारस वाचवायचा तर शेतकऱ्याचे खाचर आणि मामा तलाव दोन्ही वाचवावे लागतात. अभयारण्याच्या कुंपणात तो राहत नाही.

तलावांसाठी इतरांनी काय केले? तेलंगणाने २०१५ पासून मिशन काकतीय या नावाने सेहेचाळीस हजारांवर तलाव दुरुस्त करण्याचे ठरवले. गाळ शेतात गेला, पाणी वाढले, मात्र गावच्या देखभालीची घडी पुरती बसली नाही. तमिळनाडूने कुडिमरामत्तु ही गावश्रमाची जुनी रीत सरकारी निधी देऊन परत आणू पाहिली. श्रीलंकेने आपल्या तलावसाखळ्यांना जागतिक अन्न व कृषी संघटनेकडून २०१७ साली जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता मिळवली. तिथे साखळी हेच एकक मानले आहे, वरचा तलाव आणि खालचा तलाव वेगळ्या फायलींत नाहीत. कोहळ्यांची रचना याच जातीची आहे. आपण मात्र ती तलावागणिक आणि खात्यागणिक तोडली.

माझे मत विचाराल तर गोंदियाला आज नव्या धरणाची गरज नाही. आहे त्या पाण्याला एक हिशेब हवा आहे. प्रत्येक मामा तलावासाठी किमान पाण्याची एक पातळी ठरवावी, जिच्याखाली तुडूम उघडायचे नाही. मासा, गुरे आणि काठच्या विहिरी त्यावर जगतील. ती पातळी पाळीवर दगडात कोरावी, म्हणजे वाचायला अधिकारी लागणार नाही. गाळ काढताना काठाचा उतार राखण्याची अट निविदेतच घालावी. मामा तलावांची साखळी धरून नोंदवही करावी आणि तिच्यात ओलित, मासे, पिण्याचे पाणी, पक्षी हे सगळे रकाने एकाच पानावर असावेत. कालवे सल्लागार समितीत मच्छीमार संस्थांना आणि टेलच्या गावांना बसायला जागा द्यावी. यातल्या बहुतेक गोष्टी जिल्हा परिषद, पाटबंधारे खाते आणि ग्रामसभा एकत्र बसल्या तर ठरावाने होण्याजोग्या आहेत. येत्या उन्हाळ्यात गाळ उपसण्याची निविदा निघण्याआधी आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि त्या सभेला ढिवरांना आवर्जून बोलवा.